पंचविशीत कॅन्सरचं निदान: पहिले तीन आठवडे कसे वापरायचे

रिपोर्टवर ‘लिम्फोमा’, ‘सार्कोमा’ किंवा ‘कार्सिनोमा’ असा शब्द आला की घरात दोन सूर निघतात. एक म्हणतो, आज रात्रीच गाडी काढा आणि मुंबई गाठा. दुसरा म्हणतो, आधी अमक्या गावच्या वैद्यांना दाखवू, सुई लावली की पसरतो म्हणतात. दोन्ही सूर मायेपोटी येतात आणि दोन्हींमुळे नुकसान होतं. (सुईने पसरतो ही भीती जवळजवळ सगळ्या गाठींच्या बाबतीत निराधार आहे. जिथे सुई खरंच टाळायची असते ते अपवाद पुढे येतील.)

विशी-तिशीत होणाऱ्या कॅन्सरपैकी हॉजकिन लिम्फोमा (लसीकाग्रंथींचा कॅन्सर), वृषणाचा कॅन्सर, थायरॉइडचा कॅन्सर आणि काही ल्युकेमिया (रक्ताचे कॅन्सर) पूर्ण बरे करण्याच्या हेतूनेच हाताळले जातात. त्यामुळे पहिला उपचार नीट होणं फार महत्त्वाचं. चुकीच्या निदानावर सुरू झालेली केमो किंवा अर्धवट काढलेली गाठ नंतर निस्तरणं कठीण जातं. खालचा क्रम महाराष्ट्रातला रुग्ण समोर ठेवून दिला आहे.

आधी ठरवा: आजच धावायचं की थांबता येतं

ॲक्यूट ल्युकेमियाची शंका असेल, म्हणजे सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या मोजणीत) ‘ब्लास्ट’, म्हणजे कच्च्या रक्तपेशी, दिसल्या असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, तर त्याच दिवशी रक्तविकार विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात भरती व्हा. छातीतल्या गाठीमुळे चेहरा आणि मान सुजली असेल, आडवं झालं की दम लागत असेल, तरीही तेच. पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तिथे काही तासांच्या उशिरानेही कायमचं अपंगत्व येतं.

यांपैकी काही नसेल तर बहुतेक वेळा दोन ते तीन आठवडे हाताशी असतात. तुमच्याकडे नेमके किती आहेत, हे डॉक्टरांना थेट विचारा. हे दिवस वाया जात नाहीत. निदान पक्कं करणं, स्टेज ठरवणं, पुढे मूल होता यावं म्हणून बीज गोठवणं आणि पैशांचे कागद जमवणं ही चारही कामं याच काळात उरकायची असतात.

तुकडा, ब्लॉक आणि स्लाइड

मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, रात्री कपडे भिजतील असा घाम, उतरलेलं वजन: आपल्याकडे याचा पहिला अंदाज टीबीचा असतो आणि बऱ्याचदा तो बरोबरही ठरतो. गडबड होते ती बायप्सी न करता टीबीच्या गोळ्या सुरू केल्या की. लिम्फोमाची लक्षणं हुबेहूब अशीच असतात, आणि गोळ्यांचा असर दिसेल म्हणून वाट पाहण्यात महिने जातात. (दारू प्यायल्यावर गाठ दुखणं हे हॉजकिनचं एक चमत्कारिक लक्षण आहे. फार थोड्यांना होतं, पण होत असेल तर लाजू नका, सांगा.)

लिम्फोमाच्या निदानाला बारीक सुईने ओढलेल्या पेशी, म्हणजे एफएनएसी, पुरत नाही. शक्य असेल तिथे अख्खी गाठ काढून तपासतात. ते शक्य नसेल तर जाड सुईची कोअर बायप्सी करतात. शस्त्रक्रियेच्या आधीच सर्जनला सांगून ठेवा की नमुना दोन बाटल्यांत हवा: एक फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी, दुसरी सलाइनमध्ये टीबीच्या सीबीनॅट (जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहणं). सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये गेला की टीबीचं कल्चर करता येत नाही. बायप्सी होण्याआधी डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड कोणी दिलं तर ‘बायप्सी झाल्यावर दिलं तर चालेल का’ असं विचारा. स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठ तात्पुरती विरघळते आणि रिपोर्ट गोलमाल येतो. मात्र श्वास अडत असेल तर थांबू नका, तो निर्णय डॉक्टरांचा.

आता अपवाद. वृषणात न दुखणारी कडक गाठ असेल तर अंडकोषाच्या पिशवीतून सुई किंवा चीर नको. एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या रक्ततपासण्या आधी करायच्या आणि वृषण जांघेतून चीर देऊन काढायचं, ही पद्धत आहे. ‘हायड्रोसील आहे, कापून टाकू’ असं सोनोग्राफीशिवाय कोणी म्हणालं तर तिथून उठा. दुसरा अपवाद हाडाचा आणि मांसाचा सार्कोमा. गुडघ्याजवळ रात्रीही ठणकणारं दुखणं असेल, किंवा पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी अथवा खोल गाठ असेल, तर हाडवैद्याची मालीश नको आणि गावातच गाठ ‘काढून टाकणं’ही नको. आधी एमआरआय करा. बायप्सी पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या टीमनेच करावी, कारण सुईचा मार्गसुद्धा त्यांना नंतर कापून काढायचा असतो. तो भलत्या ठिकाणी असला तर वाचू शकणारा पाय जाऊ शकतो.

रिपोर्ट आला की लॅबकडे लेखी अर्ज देऊन पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड (त्याच्या चकत्या लावलेल्या काचपट्ट्या) दोन्ही मागून घ्या. मोठ्या केंद्रात त्या पुन्हा तपासल्या जातात आणि निदान बदलण्याचे प्रसंग खरोखर येतात. आयएचसी, म्हणजे पेशींवरच्या खुणा ओळखणारी तपासणी, त्याच ब्लॉकवर होते. ब्लॉक मेणाचा असतो, म्हणून मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. किती ब्लॉक, किती स्लाइड, त्यांवरचा नंबर काय, हे पावतीवर लिहून घ्या.

कुठे जायचं

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून आहे आणि खारघरचं ॲक्ट्रेक त्याच संस्थेचं. पण प्रत्येकाने परळच गाठायला हवं असं नाही. नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) ही घराजवळची ठिकाणं आहेत. सहा महिने दर पंधरा दिवसांनी केमो घ्यायची असेल तर घरापासूनचं अंतर हाही उपचाराचाच भाग होतो. निदान आणि उपचारांची आखणी मोठ्या केंद्रात आणि केमो गावाजवळ, अशी वाटणी बऱ्याच जणांना जमते. सार्कोमा आणि ॲक्यूट ल्युकेमिया मात्र रोज असेच रुग्ण पाहणाऱ्या केंद्रातच हाताळलेले बरे. टाटाशी जोडलेल्या ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून कागद पाठवून दुसरं मत घेता येतं. मत घ्यायला मुंबईचं तिकीट काढावं लागत नाही.

टाटामध्ये नाव नोंदवताना जनरल की प्रायव्हेट हे विचारलं जातं. डॉक्टरांची टीम तीच असते, फरक असतो तो दर आणि रांगेत. उपचार महिनोन्‌महिने चालतील हे धरूनच वर्ग निवडा. पहिल्या दिवशीच्या रांगेला घाबरून प्रायव्हेट घेतलेल्यांना तिसऱ्या महिन्यात बिलं जड जातात. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. दोन्हीकडे गर्दी असते, म्हणून टाटाच्या समाजसेवा विभागाला पहिल्याच दिवशी भेटा.

पेट-सीटीच्या (आजार शरीरात कुठे पसरलाय ते दाखवणाऱ्या स्कॅनच्या) आधी चार ते सहा तास उपास, चोवीस तास व्यायाम नाही, आणि साखर २०० च्या आत हवी. तपासणीनंतर त्या दिवशी तान्ह्या मुलांना मांडीवर घेऊ नका, गरोदर बाईपासून अंतर ठेवा. कागदी रिपोर्टवर भागवू नका, सीडी मागून घ्या.

पहिल्या मोठ्या भेटीत काय विचारायचं

सोबत एक माणूस न्या आणि लिहिण्याचं काम त्याला द्या. डॉक्टरांची परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर आणखी चांगलं. प्रश्न थोडे, पण नेमके ठेवा. निदानाचं पूर्ण नाव आणि उपप्रकार काय? स्टेज कोणती? उपचार बरं करण्यासाठी आहे की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी? हा शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, पण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर अवलंबून असतो. एएलएल प्रकारचा ल्युकेमिया असेल तर ‘लहान मुलांच्या धर्तीवरचा प्रोटोकॉल देणार का’ असंही विचारा. तरुणांमध्ये त्याचे निकाल मोठ्यांच्या जुन्या पद्धतीपेक्षा सरस आहेत. हॉजकिन असेल तर केमोच्या दोन सायकलनंतरचं (फेऱ्यांनंतरचं) पेट कधी, हे ठरवून घ्या. पुढची केमो वाढवायची की कमी करायची ते त्यावर ठरतं.

‘स्टेज चार’ ऐकून घरचे कोसळतात. पोटाच्या कॅन्सरची स्टेज चार आणि हॉजकिनची किंवा वृषणाच्या कॅन्सरची पसरलेली अवस्था यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या गटातले रुग्ण पसरल्यानंतरही मोठ्या संख्येने बरे होतात. क्रिकेटपटू युवराजसिंगला फुप्फुसांच्या मधल्या भागात जर्म सेल ट्यूमर, म्हणजे वृषणाच्या कॅन्सरच्याच जातीचा कॅन्सर, झाला होता. २०१२ मध्ये अमेरिकेत त्याची केमो झाली आणि त्याच वर्षी तो भारताकडून पुन्हा खेळला.

मूल होण्याचा प्रश्न केमोच्या आधीच

हा मुद्दा ओपीडीच्या गर्दीत सर्रास राहून जातो. रुग्ण अविवाहित, आईबाप शेजारी बसलेले, कोणीच विषय काढत नाही. तुम्हीच काढा.

पुरुषांसाठी हे सोपं आहे. दोन-तीन दिवसांच्या खंडानंतर वीर्याचा नमुना द्यायचा, वेळ असेल तर दिवसाआड दोन-तीन नमुने. वेळ नसेल तर एकही चालतो, कारण आता एकेक शुक्रजंतू निवडून बीजात सोडता येतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्या आधी लागतात. नमुना उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये राहतो. क्लिनिकमध्ये जमत नसेल तर घरून तासाभरात, अंगाच्या उबेत नेता येतो का ते विचारा. केमो सुरू झाल्यावर दिलेला नमुना वापरण्याजोगा मानत नाहीत, म्हणून ‘पहिलं सायकल होऊ दे, मग बघू’ हे चालत नाही. वृषणाची शस्त्रक्रिया असेल तर तिच्याही आधी द्या.

स्त्रियांसाठी दहा ते चौदा दिवस लागतात. पाळीच्या कुठल्याही दिवसापासून इंजेक्शनं सुरू करता येतात, पाळीची वाट पाहावी लागत नाही. हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनांच्या कॅन्सरमध्ये सोबत लेट्रोझोल हे हार्मोन कमी ठेवणारं औषध देतात. बीजं थोड्या वेळाच्या भुलीखाली काढतात. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरून करता येईल का, असं विचारायला हरकत नाही. खर्च लाखाच्या घरात जातो आणि सरकारी योजनेत सहसा बसत नाही. ॲक्यूट ल्युकेमियात मात्र इतका वेळच नसतो. तिथे अंडाशयाचं काम तात्पुरतं थांबवणारं ल्युप्रोलाइडचं दरमहा इंजेक्शन हा थोडाफार आधार आहे, बीज गोठवण्याला पर्याय नाही. प्लेटलेट कमी असताना पाळी आली तर रक्तस्राव थांबत नाही, म्हणून पाळी थांबवण्याच्या गोळ्यांचं आधीच बोलून घ्या. केमोत पाळी बंद झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. गर्भनिरोधन लागतंच.

साठवणुकीच्या फॉर्मवर दर वर्षीची फी आणि ‘रुग्णाचा मृत्यू झाल्यास’ असा रकाना असतो. तो कोरा सोडू नका.

पैसे: भरती होण्याआधी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली आहे, मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जा. तो ऑनलाइन मंजुरी मागतो आणि उपचार त्यानंतर सुरू होतात. इथे लोक दोन ठिकाणी अडकतात. एक, आधी रोख भरलं आणि मग योजना मागितली. ही योजना कॅशलेस आहे, भरलेलं बिल परत मिळत नाही. दोन, रेशनकार्डावर आणि आधारवर नाव वेगळं, किंवा लग्न झालेल्या मुलीचं नाव अजून माहेरच्या कार्डावरच. हे दुरुस्त करायला घरच्या एकाला पहिल्याच आठवड्यात तहसील कार्यालयात पाठवा, आणि तिथूनच उत्पन्नाचा दाखलाही काढून आणा. प्रत्येक महागडं औषध पॅकेजात बसतंच असं नाही, म्हणून आपला प्रोटोकॉल बसतो का, हे आरोग्यमित्राला औषधांची नावं दाखवून विचारा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे: तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख.

धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. काउंटरवर ‘शिल्लक नाही’ म्हणाले तर तिथल्या समाजसेवकाकडे लेखी अर्ज द्या, नंतर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता कक्षाला रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं.

नोकरीत असाल तर तडकाफडकी राजीनामा देऊ नका. कंपनीचा गट विमा नोकरीसोबत जातो आणि आजार लागल्यावर नवी पॉलिसी मिळणं मुश्कील. नोकरी सोडावीच लागली तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते नोकरी चालू असतानाच विचारा. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल आणि दोन वर्षं भरलेली असतील, तर कॅन्सरसाठी दीर्घ आजाराचा भत्ता मिळतो, पगाराच्या ८० टक्के. पीएफमधूनही उपचारांसाठी आगाऊ रक्कम काढता येते. रेल्वेत उपचारांच्या प्रवासाला रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण माफी आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. फॉर्मवर रुग्णालयाचा सही-शिक्का लागतो.

केमो सुरू झाल्यावर: थर्मामीटर उशाशी

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, रुग्णांच्या भाषेत ‘काउंट पडतात’. या काळात एकदा १०१ फॅरनहाइट, किंवा १००.४ सलग तासभर, एवढा ताप आला की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहिली तर ताप उतरतो, जंतुसंसर्ग रक्तात वाढत राहतो, आणि सकाळी रक्तदाब कोसळलेला असतो. रुग्णालयात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच: ‘केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली, ताप आहे.’ शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. थंडी वाजून हुडहुडी भरली तर ताप नसला तरी हेच.

घर केंद्रापासून दूर असेल तर चोवीस तास सीबीसी आणि शिरेतून औषध देणारं जवळचं रुग्णालय आधीच हेरून ठेवा आणि ऑन्कॉलॉजिस्टचं पत्र पाकिटात असू द्या. पत्रात एवढं हवंच: कमरेत इंजेक्शन नको, एनिमा नको. प्लेटलेट कमी असताना स्नायूत दिलेल्या सुईने आत रक्त साकळतं. गावातल्या डॉक्टरांना हे माहीत असतं, पण केमो चालू आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

उलटीची गोळी उलटी झाल्यावर नाही, चिठ्ठीवरच्या वेळेला घ्यायची. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते औषधाच्या रंगानेच. मात्र औषध चालू असताना सुईच्या जागी आग झाली तर लगेच नर्सला हाक मारा, हे औषध शिरेबाहेर गेलं तर मांस जाळतं. त्यासाठीच लांब कोर्सला पोर्ट किंवा पिक लाइन, म्हणजे मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी, घालतात. तोंड आलं तर एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-सहा गुळण्या करा, तिखट बंद. काउंट वाढवण्याचं इंजेक्शन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, गोठू देऊ नका. एसटीने नेताना बर्फाचा पॅक औषधाला थेट टेकू देऊ नका. ब्लिओमायसिन हे फुप्फुसांना इजा करू शकणारं केमोचं औषध चालू असताना कोरडा खोकला किंवा जिन्यावर दम लागला तर पुढच्या डोसच्या आधी सांगा.

खाण्यात ताजं, शिजवलेलं, गरम. पाणीपुरी, उसाचा रस, बाहेरचा बर्फ बंद. फळं धुऊन सोललेली चालतात. काढे, भस्मं, गुळवेल हे सगळं केमोच्या काळात थांबवा. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्याच आहेत, आणि लिव्हर बिघडलं की केमो पुढे ढकलली जाते. घरच्यांच्या समाधानासाठी घेतच असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका.

घर, कॉलेज, लग्नाची बोलणी

‘त्याला सांगू नका, खचेल’ हे आपल्या घरांत फार चालतं. अठरा वर्षांवरच्या माणसाच्या संमतीपत्रावर सही त्याचीच लागते, आणि ज्याला निदान माहीत नाही तो ताप आल्यावर रात्री निघत नाही. नातेवाइकांना बातमी देण्याचं काम एका चुलत भावाकडे किंवा मैत्रिणीकडे सोपवा, म्हणजे आईला रोज वीस फोन घ्यावे लागणार नाहीत. कॉलेजला पहिल्या केमोच्या आधीच वैद्यकीय प्रमाणपत्रासह पत्र द्या. हजेरीची सूट नंतर मागितली तर अडते. लग्न ठरलेलं असेल तर समोरच्या घरी स्वतः सांगितलेलं बरं, बातमी तशीही पोचतेच. झोप उडाली, जगावंसं वाटेनासं झालं तर टेली-मानस १४४१६ वर मराठीतून बोलता येतं.

उपचार बरं करण्यासाठी आहे का, या प्रश्नाचं उत्तर ‘बरं होणार नाही’ असं आलं तर पॅलिएटिव्ह केअर विभागाचं नाव त्याच दिवशी लिहून घ्या. हा विभाग केवळ शेवटच्या दिवसांचा नाही, दुखणं, दम आणि झोप यांवरचं त्यांचं काम केमोसोबतही चालतं. योग्य डोसमधल्या मॉर्फिनच्या गोळ्यांनी माणूस व्यसनी होत नाही. बँक आणि पीएफचे नॉमिनी बघून घ्या. अविवाहितांच्या खात्यांवर ते बऱ्याचदा कोरे असतात.

शेवटच्या केमोनंतर हातात हवं ते पान

डिस्चार्जच्या वेळी उपचारांचा सारांश मागा: निदान, स्टेज, प्रत्येक औषधाचा एकूण डोस, रेडिएशन कुठे आणि किती ग्रे (रेडिएशनचं माप). डॉक्सोरुबिसिनचा एकूण डोस हृदयासाठी महत्त्वाचा, त्यावरून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) किती वर्षांनी करायचा ते ठरतं. मानेला रेडिएशन झालं असेल तर दर वर्षी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. तरुणपणी छातीला रेडिएशन झालेल्या मुलींची स्तनांची तपासणी पंचविशीपासून किंवा रेडिएशननंतर आठ वर्षांनी, यांतलं जे नंतर येईल तेव्हापासून सुरू होते. ब्लिओमायसिन मिळालेल्यांनी पुढे कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला ते सांगायचं. शिक्षणासाठी परदेशी जाणार असाल तर या पानाची इंग्रजी प्रत, बायप्सीचा रिपोर्ट आणि स्कॅनच्या सीडी हातातल्या बॅगेत ठेवा, आणि ब्लॉक भारतात कोणत्या रुग्णालयात, कोणत्या नंबरने ठेवला आहे ते त्याच पानावर लिहून ठेवा.